पाहुण्या योद्ध्याचा परवाना

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

एकच नाटक एकाच रात्रीं तीन नाट्यगृहांत चाललें आहे. नटसंच तोच, पडदे तेच, भाषणें तींच. परंतु तिसऱ्या अंकांत प्रवेश करणारा एक वीर मात्र प्रत्येक नाट्यगृहांत निराळा आहे, अशी कल्पना करावी. प्रेक्षकांस वाटेल कीं, ही नाटककाराची लहर असावी. २००३ सालीं असा प्रकार खरोखरच घडला. फरक इतकाच कीं, तें नाटक नव्हतें, व्हिडिओ खेळ होता. आणि तो भेद कोणाच्या लहरीनें नव्हे, तर यंत्रांच्या स्पर्धेनें व करारपत्रांनीं घडवून आणला होता.

जपानमधील नामको कंपनीचा ‘सोलकॅलिबर २’ हा शस्त्रयुद्धाचा खेळ त्या वर्षीं घरगुती यंत्रांवर आला. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात, दोन खेळाडू हातांतील कळा दाबून त्यांना लढवितात, आणि एकाचें बळ सरलें म्हणजे फेरी संपते, असें या झुंजीच्या खेळांचें साधारण स्वरूप असतें. त्या काळीं हे खेळ खेळण्याचीं तीन प्रतिस्पर्धी यंत्रें बाजारांत होतीं. निन्टेंडोच्या ‘गेमक्यूब’वर हा खेळ घेणाऱ्यास त्यांत लिंक नांवाचा हिरव्या टोपीचा तरुण वीर मिळे, सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’वर हेहाची मिशिमा हा वृद्ध मल्ल मिळे, आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’वर स्पॉन हा नरकांतून परतलेला, लाल झग्याचा योद्धा मिळे. बाकीचा खेळ जवळजवळ एकसारखाच होता.

या तिघांचें कूळ पाहिलें म्हणजे गुपित उलगडतें. लिंक हा निन्टेंडोच्याच ‘लेजेंड ऑफ झेल्डा’ या १९८६ सालापासून चालत आलेल्या खेळमालिकेचा नायक. तो प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर जाणें शक्यच नव्हतें. तो आला तो निन्टेंडोच्याच अंगणांत आला, आणि येतांना आपली तलवार, ढाल, धनुष्य व बाँब यांसह आपल्या खेळाची सुरावटहि घेऊन आला. स्पॉन हें टॉड मॅक्फार्लेन या चित्रकथाकारानें निर्माण केलेलें व १९९२ सालीं स्वतःच्या मासिकांतून पुढें आलेलें पात्र. हेहाची मात्र परका नव्हता. तो नामकोच्याच ‘टेक्केन’ या दुसऱ्या खेळांतील. म्हणजे तीन पाहुण्यांपैकीं एक शेजारच्या वाड्यांतला, एक दूरदेशचा, आणि एक घरांतल्याच दुसऱ्या खोलींतून उठून आलेला!

खरी कसोटी दहा वर्षांनीं लागली. २०१३ सालीं हाच खेळ अधिक रेखीव चित्रांसह ‘प्लेस्टेशन ३’ व ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्रांसाठीं पुन्हां काढण्यांत आला. पूर्वीं वेगळे राहिलेले हेहाची व स्पॉन या वेळीं एकाच खेळांत एकत्र दिसले. लिंक मात्र दिसला नाहीं. त्याच्या हालचाली, त्याचे वार, त्याचे डाव हें सर्व काम दहा वर्षांपूर्वींच होऊन गेलेलें होतें. परंतु हीं यंत्रें निन्टेंडोचीं नव्हतीं. कारागिराची कला पुरी झालेली असूनहि पात्राला रंगणांत पाऊल ठेवतां येत नाहीं, ही गोष्ट चित्रकलेच्या किंवा गणिताच्या नियमांनीं समजणारी नाहीं. ती परवान्याच्या नियमांनींच समजते.

झुंजीच्या खेळांतील पाहुण्या पात्रांकडे पाहतांना लोक बहुधा एवढेंच विचारतात कीं, कोण आलें आणि तें किती बलवान् आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, त्याला कोणीं पाठविलें आणि कोणत्या अटींवर पाठविलें. तें पात्र काय करील, काय करणार नाहीं, कोणाच्या आवाजांत बोलेल, बरोबर किती सामान आणील आणि केव्हां निघून जाईल, या सर्व गोष्टींवर चित्रकाराइतकीच, कित्येकदां त्याहून अधिक, सत्ता त्या कागदाची असते.

प्रथम पात्र म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनें पात्र ही एकजिनसी वस्तु नाहीं. त्याचें रेखाटलेलें रूप व त्याची कथा यांवर स्वामित्वहक्क असतो. त्याचें नांव व त्याची खूण यांवर व्यापारचिन्हाचा हक्क असतो. तें चित्रपटांतून आलें असेल तर त्याचा चेहरा एखाद्या जिवंत नटाचा असतो. त्याचा आवाज हा आणखी निराळा. आणि त्याच्याबरोबर वाजणारें संगीत हें तर पांचवेंच. या पांच धाग्यांचे धनी पांच असूं शकतात. पुराणांतील भीम रंगभूमीवर आणावयास कोणा धन्याची संमति लागत नाहीं. युरोपच्या उत्तरेकडील थोर या वज्रधारी देवाचेंहि तसेंच. मार्व्हल कंपनीनें १९६२ सालीं त्याला सोनेरी केसांचा, गुळगुळीत दाढीचा वीर केलें. २०२२ सालच्या ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ या खेळानें त्यालाच तांबड्या दाढीचा, सुटलेल्या पोटाचा दांडगा केलें. आणि कोणीहि कोणाची वस्तु घेतली नाहीं. देव सर्वांचा आहे, मार्व्हलनें घातलेला पोशाख मात्र मार्व्हलचा आहे. पाहुणें पात्र आणणाऱ्यास हा पोशाखच भाड्यानें घ्यावा लागतो. आणि भाड्याच्या पोशाखास डाग पडूं न देण्याची हमी द्यावी लागते.

ही हमी पात्राच्या शीलावर कशी उमटते, याचें उत्तम उदाहरण २००८ सालचें आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा अमेरिकेंतील मिडवे कंपनीचा खेळ १९९२ सालापासून रक्तपाताबद्दल प्रसिद्ध होता. पराभूत शत्रूस शेवटीं अघोर रीतीनें ठार मारणें हें त्याचें वैशिष्ट्यच होऊन बसलें होतें. पुढील वर्षीं अमेरिकेच्या सिनेटपुढें अशा खेळांची चौकशी झाली, आणि १९९४ सालीं खेळांस वयोगटाचीं प्रमाणपत्रें देणारें मंडळ तेथें स्थापन झालें, त्याच्या कारणांत हाहि खेळ होता. अशा या खेळाच्या आंगणांत २००८ सालीं सुपरमॅन, बॅटमॅन, जोकर आदि डीसी कंपनीचीं पात्रें आलीं. पाहुणे आले आणि घराची रीत बदलली. सुपरमॅन व बॅटमॅन हे सज्जनांचे कैवारी. ते जीव घेत नाहींत. म्हणून या खेळांत त्यांना प्राणघातक शेवट दिलाच नाहीं. शत्रूस जबर तडाखा देऊन लोळविणें, येथपर्यंतच त्यांची मजल ठेवली. खेळाचें प्रमाणपत्र तेरा वर्षांवरील मुलांसाठींचें राहावें म्हणून एकंदर रक्तहि पुष्कळ आटविलें. जोकर हा दुर्जन. त्याला जीव घेण्याची मुभा होती. परंतु तो पिस्तुल झाडतो तो क्षण अमेरिकेंतील आवृत्तींत पडद्याच्या बाहेर ठेवला गेला. यजमानाच्या घरीं मांसाहार चालत असतां शाकाहारी पाहुणा आला म्हणजे त्याच्या पंक्तीस सर्वांचेंच पान बदलतें, तसेंच हें झालें.

या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. मिडवे कंपनी २००९ सालीं दिवाळखोरींत निघाली आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा खेळ, तो करणाऱ्या कारागिरांसह, वॉर्नर ब्रदर्सनें विकत घेतला. वॉर्नर ही डीसीचीहि मालकीण. म्हणजे कालचा पाहुणा व कालचा यजमान आतां एकाच छपराखालीं आले. त्याच कारागिरांनीं २०१३ सालीं ‘इनजस्टिस’ हा झुंजीचा खेळ काढला. त्यांतील कथेंत जोकरच्या कपटानें सुपरमॅनच्या हातून त्याची पत्नी मरते, त्याचें नगर बेचिराख होतें, आणि सुपरमॅन संतापाच्या भरांत जोकरची छाती फोडून त्याला ठार करतो; पुढें तर तो जगाचा जुलमी शास्ता बनतो. पांच वर्षांपूर्वीं ज्याला एकाहि शत्रूचा जीव घेण्याची मुभा नव्हती, तोच हा सुपरमॅन! त्याचा स्वभाव पालटला असें म्हणण्यापेक्षां त्याचा ठावठिकाणा पालटला, असें म्हणणें अधिक योग्य. पात्राचें व्रत मोडण्याचा अधिकार मालकास असतो, भाडेकऱ्यास नसतो. भाडेकऱ्यानें पात्राला त्याच्या मालकापेक्षांहि अधिक सोंवळ्यांत ठेवावें लागतें.

आतां चेहरा व आवाज यांची गोष्ट. २०१९ सालीं ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’ या खेळांत टर्मिनेटर हा यंत्रमानव पाहुणा आला. त्याच सुमारास त्या मालिकेंतील नवा चित्रपटहि प्रदर्शित झाला, हा योग विसरूं नये. पडद्यावर चेहरा आर्नोल्ड श्वार्झेनेगर यांचा दिसतो. बोलणारा कंठ मात्र दुसऱ्याच नटाचा आहे. पुढच्याच वर्षीं याच खेळांत रॅम्बो आला, तेव्हां सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनीं आपला आवाजहि स्वतःच दिला. कानानें चित्रपट ओळखणाऱ्या खेळाडूस हा भेद पहिल्या वाक्यासच जाणवतो. मुखवटा मिळाला म्हणजे वाणी मिळालीच असें नव्हे. त्या दोन जिनसा आहेत.

संगीताचेंहि तसेंच. निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या खेळांत निरनिराळ्या कंपन्यांचे वीर एकत्र झुंजतात. २०१५ सालीं तेथें ‘फायनल फँटसी ७’ या विख्यात खेळाचा नायक क्लाउड दाखल झाला. त्याच्या मूळ खेळाचें संगीत हें त्या खेळाचें अर्धें वैभव. परंतु क्लाउडबरोबर त्यांतील दोनच सुरावटी आल्या. २०१८ सालच्या पुढील आवृत्तींतहि त्या दोनच राहिल्या. २०२० सालच्या अखेरीस त्याचा वैरी सेफिरॉथ दाखल झाला, तेव्हां कोठें आणखी सुरावटींचा पेटारा उघडला. २०२१ सालीं आलेल्या सोरा या पात्राची कथा याहून बोलकी आहे. सोरा ज्या ‘किंगडम हार्ट्स’ खेळाचा नायक, तो खेळच मुळीं डिस्नेच्या पात्रांवर उभारलेला. तेथें डोनाल्ड बदक व गूफी हे त्याचे जिवलग सोबती. या आखाड्यांत मात्र सोरा एकटाच आला. त्याच्या किल्लीसारख्या तलवारीस लोंबणारें मिकीच्या डोक्याच्या आकाराचें पदक, एवढीच काय ती डिस्नेची खूण. ज्याचें सारें सामर्थ्य मित्रांच्या स्नेहांतून येतें, असें त्याची कथा पुनःपुन्हां सांगते, त्या वीरास मित्रांवांचून लढावें लागावें, हा परवान्याचाच विनोद!

येथवर सांगितलेल्या अटी पात्राच्या वागण्याच्या व सामानाच्या झाल्या. परंतु सर्वांत कठोर अट मुदतीची. पाहुणा दोन दिवसांचा, ही म्हण घराइतकीच या खेळांसहि लागू आहे. जपानची कॅपकॉम कंपनी व मार्व्हल यांचा संबंध १९९४ सालच्या ‘एक्स-मेन’ खेळापासूनचा. पुढें दोन्ही घराण्यांच्या वीरांस एकमेकांशीं लढविणारे खेळ निघाले. त्यांतील २००० सालच्या ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम २’ या खेळांत ५६ योद्धे होते. मॅग्नेटो, स्टॉर्म व सेंटिनल हीं एक्स-मेनच्या कथांतील तीन पात्रें त्यांत सर्वांत बलाढ्य ठरलीं. चढाओढींत भाग घेणाऱ्यांनीं वर्षानुवर्षें त्यांचाच अभ्यास केला. २०११ सालीं या मालिकेचा तिसरा खेळ व त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. आणि २०१३ सालच्या डिसेंबरांत, परवान्याची मुदत भरली म्हणून, हे खेळ तारायंत्रावरील दुकानांतून, म्हणजे जेथून ते इंटरनेटद्वारां उतरवून घेतां येत, तेथून काढून घेण्यांत आले. ज्यांच्यापाशीं तबकडी होती त्यांचा खेळ चालूच राहिला. ज्यांनीं आज घेऊं उद्यां घेऊं म्हणून दिवस लोटले, त्यांना दार बंद झालें. तें तीन वर्षांनीं, नवा करार झाल्यावर, २०१६ सालच्या डिसेंबरांत पुन्हां उघडलें. या तीन वर्षांत त्या खेळांतील एकहि रेघ पुसली गेली नव्हती. पुसलें गेलें होतें तें फक्त विकण्याचें अधिकारपत्र.

२०१७ सालीं या मालिकेचा नवा खेळ आला, तेव्हां याहून मोठा धक्का बसला. त्यांत एक्स-मेनपैकीं कोणीच नव्हतें. फँटॅस्टिक फोर मंडळी व त्यांचा शत्रु डॉक्टर डूम हेहि नव्हते. मार्व्हल २००९ सालींच डिस्नेच्या मालकीची झाली होती. परंतु या दोन कुळांचे चित्रपट काढण्याचे हक्क त्या काळीं फॉक्स कंपनीकडे होते. चित्रपटाचे हक्क निराळे व खेळाचे निराळे, हें खरें. तरी जीं पात्रें आपल्या पडद्यावर दाखवितां येत नाहींत त्यांची जाहिरात आपण कां करावी, असाच हिशेब त्यामागें असावा, असें बहुतेक खेळाडूंनीं मानलें. कंपनीच्या वतीनें मात्र दुसराच युक्तिवाद ऐकूं आला. तो असा कीं, झुंजीच्या खेळांतील पात्र म्हणजे वस्तुतः एक कार्य होय. मॅग्नेटो आवडतो तो मॅग्नेटो म्हणून नव्हे, तर त्याला हवेंत आठ दिशांनीं वेगानें झेपावतां येतें म्हणून. तीच शक्ति दुसऱ्या पात्रांत मिळाली म्हणजे झालें.

हा युक्तिवाद खेळाडूंना झोंबला, आणि तो झोंबावा हेंच योग्य होतें. कारण तो परवान्याच्या भाषेंत बरोबर असला, तरी रसिकतेच्या भाषेंत सर्वथा चूक आहे. करारपत्राच्या दृष्टीनें पात्र ही सुटे भाग असलेली जिन्नस आहे. एक भाग महाग पडला तर दुसरा बसवावा. परंतु खेळणाऱ्यानें त्या पात्राबरोबर आपल्या तारुण्याचे तास घालविलेले असतात. त्याच्या बोटांस त्या पात्राचे डाव पाठ असतात, त्याच्या कानांत त्याचा हुंकार असतो; लहानपणीं वाचलेल्या चित्रकथेंतील त्याचें दुःखहि त्याला आठवत असतें. ‘कार्य’ दुसऱ्यास देतां येतें. स्मृति दुसऱ्यास देतां येत नाहीं. नव्या खेळाची निंदा चित्रांच्या ओबडधोबडपणाबद्दलहि झाली, हें सांगणें न्यायाचें आहे. पण जुनें कुटुंब घराबाहेर राहिल्याची रुखरुख त्या निंदेच्या मुळाशीं होती. २०१९ सालच्या मार्चमध्यें डिस्नेनें फॉक्सचा चित्रपटविभाग विकत घेतला आणि तो जुना अडथळा उरला नाहीं. २०२४ सालीं कॅपकॉमनें मार्व्हलचे जुने खेळ एकत्र करून पुन्हां प्रसिद्ध केले. त्या संग्रहांत मॅग्नेटो परतला. इतकेंच नव्हे, तर नोरिमारो हें एका जपानी विनोदी नटाच्या कल्पनेंतून निघालेलें, १९९७ सालीं केवळ जपानी आवृत्तींत ठेवलेलें गमतीचें पात्रहि प्रथमच देशाबाहेर अधिकृतपणें गेलें. सत्तावीस वर्षें तें उंबरठ्यावर उभें होतें!

याचा अर्थ परवाना म्हणजे केवळ जाच, असा मात्र करूं नये. निर्मात्याच्या पात्राची विटंबना होऊं नये, त्याच्या श्रमाचें मोल त्यास मिळावें, हा हेतु सर्वथा रास्त आहे. परस्परविश्वासानें झालेला करार पात्रास फुलवितोहि. ‘टेक्केन ७’ या खेळांत कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर’मधील अकुमा हा नुसता मिरवावयास आला नाहीं, हेहाचीच्या पत्नीनें आपल्या पतीस व पुत्रास मारण्याची विनंति त्यालाच केली होती, अशी कथा रचून त्याला थेट घरच्या कलहांत गुंफण्यांत आलें. धोका एवढाच कीं, कथेंत गुंफलेला पाहुणा निघून गेला म्हणजे विणींत भोंक राहतें. २०२४ सालीं ‘टेक्केन ८’ निघाला तेव्हां त्याच्या योद्ध्यांत अकुमा नव्हता. दुसरें उदाहरण एसएनके व कॅपकॉम या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचें. एसएनकेचा टेरी बोगार्ड २०२४ सालीं ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्यें आला, आणि तेथें खेळाडूस विद्या शिकविणारा गुरु झाला. उलट २०२५ सालच्या एसएनकेच्या ‘फेटल फ्युरी’ खेळांत कॅपकॉमचे केन व चुन-ली गेले. हें भाड्यापेक्षां सोयरिकीच्या जवळ जाणारें आहे. दोघांसहि एकमेकांच्या घरीं मूल धाडावयाचें असलें, म्हणजे दोघेहि त्या मुलास नीट वागवितात.

मग मागावयाचें काय? परवाना नको, असें कोणी म्हणणार नाहीं. मागणें एवढेंच कीं, करार लिहितांना पाहुण्याच्या स्वागताइतकाच त्याच्या निरोपाचाहि विचार लिहिला जावा. मुदत संपल्यावर नवी विक्री बंद व्हावी; पण ज्यानें दाम मोजले त्याच्या हातची वस्तु कधींहि जाऊं नये. खेळांचा इतिहास जतन करणाऱ्या संग्रहालयांस एक प्रत पूर्ण पात्रांसह ठेवण्याची मोकळीक असावी. आणि विकतांनाच, हा योद्धा अमुक सालापर्यंतचा पाहुणा आहे, असें ग्राहकास स्वच्छ सांगितलें जावें. दुकानदार दुधावर तारीख छापतो. मग आवडत्या वीरावर ती छापण्यास संकोच कां असावा?

२००३ सालची ती गेमक्यूबची लहानशी तबकडी अद्याप कित्येक घरांत कपाटाच्या खणांत पडून आहे. ती यंत्रांत घातली तर लिंक आजहि आपली ढाल सांवरून उभा राहतो, आणि त्याची ती जुनी सुरावट वाजूं लागते. पुढच्या आवृत्तींत त्याला जागा मिळाली नाहीं. परंतु जी प्रत एकदां ग्राहकाच्या हातीं पडली, तींतून त्याला बाहेर काढण्याची सोय त्या काळच्या करारांत नव्हती. हल्लींच्या करारांत ती आहे कीं नाहीं, एवढें तरी आजच्या खेळाडूनें दाम मोजण्यापूर्वीं वाचून पाहावें.